बिनकाठीची चाल

फिल्मचं नाव अजून ठरलं नव्हतं, पण फिल्ममधल्या भुताची चाल ठरली होती, आणि ती चाल धुळाची होती. धुळा म्हणजे समीक्षाचा बाप. त्याला जाऊन पाच महिने झाले होते. तरी रोज सकाळी दहाला समीक्षा विश्रामबागेतल्या खोलीवरून माधवनगरच्या स्टुडिओत यायची, कॉम्प्युटर लावायची, आणि तो पडद्यावर उभा राहून चालायला लागायचा. तोंड नाही, कपडे नाहीत, नुसता एक राखाडी आकार. वीस पावलं चालायचा आणि विसाव्या पावलानंतर पुन्हा पहिलं टाकायचा.

भुताच्या फिल्मवर काम करणाऱ्या माणसांना कशाची भीती वाटत नाही, असं लोकांना वाटतं. साफ खोटं. समीक्षाला त्याच्यासमोर डबा उघडवत नसे. बाप उन्हात चालतोय आणि आपण भाकरी मोडतोय, हे तिला जमायचं नाही. मग जेवायच्या वेळी ती त्याला थांबवायची. पण मध्येच थांबवलं तर एक पाय हवेत राहायचा, आणि तो तसा बघवायचा नाही. म्हणून दोन्ही पाय टेकेपर्यंत वाट बघायची, मग बटण दाबायची.

स्टुडिओ म्हणजे बंद पडलेली मागांची शेड. माग भंगारात गेले, त्यांचे बोल्ट उपटल्याची भोकं फरशीवर राहिली, आणि इस्लामपूरच्या दिग्विजयने ती जागा भाड्याने घेऊन दारावर इंग्रजी पाटी ठोकली. दिग्विजय समीक्षाचा पुण्याच्या कॉलेजातला वर्गमित्र. कामाला वाघ, तोंडाने आगाऊ, मनाने वाईट नाही. कॅमेऱ्यात जे सापडत नाही ते ही दोघं फिल्मवाल्यांना बनवून द्यायची.

ही फिल्म साताऱ्याच्या प्रथमेश सरांची. गोष्ट अशी, की चार मित्र डोळ्यांना हेडसेट लावून एक गेम खेळतात. गेममध्ये एक ओसाड शहर आहे आणि त्यात एक माणूस चालत असतो. तो कुणाला धरत नाही, मारत नाही, बोलत नाही. पण ज्याच्यासमोर तो पडतो, तो खेळणारा हेडसेट काढल्यावर जिवंत सापडत नाही. प्रथमेश सरांनी ते शहर आपल्या साताऱ्यावरूनच बेतलं होतं. उताराच्या पेठा, बंद दुकानं, आणि कुठल्याही गल्लीतून मान वर केली की डोक्यावर किल्ला. स्टुडिओत हेडसेट लावला की त्या शहरात आत जाऊन हिंडता यायचं. धुळाने जिवंतपणी साताऱ्याकडचे रस्ते मेंढरं घेऊन किती वेळा तुडवले असतील, पण पेठेत तो कधी शिरला नव्हता. मेंढरं घेऊन शहरात कोण शिरू देतं? मेल्यावर मात्र पाच महिने तो त्याच पेठांमधून हिंडत होता.

त्याची चाल फिल्ममध्ये आली ती गमतीगमतीत. दिवाळी झाली की आटपाडीकडच्या धनगरांचे वाडे पश्चिमेला निघतात. वाडा म्हणजे दगडमातीचा नव्हे. मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडीकुंडी असा सगळा चालता संसार. निघायच्या आधी लेकीला बघून यावं म्हणून धुळा एसटीने सांगलीला आला. बाजरीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि खांद्यावर काठी. नेमका त्याच दिवशी चालून दाखवायला ठरवलेला नट आलाच नाही. दिग्विजय कपाळाला हात लावून बसला होता. त्याची नजर धुळावर गेली.

"काका, जरा चालून दाखवता का?"

"एवढंच? आरं, चालायचंच तर खातुय मी," धुळा म्हणाला.

त्याला सेन्सर लावलेले काळे घट्ट कपडे चढवले, तेव्हा तो पोट धरून हसला. "सर्कशीत भरती केलं म्हणायचं लेकीनं!" काठी मात्र बाजूला ठेवावी लागली. तिच्या टोकाला लोखंडाची शेंबी होती आणि लोखंडाने सेन्सर बिघडायचे. पण उभ्या जन्मात काठी खांद्यावर आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावरून खाली सोडून चाललेला माणूस तो. काठी गेली तरी हात गेले नाहीत. नसलेल्या काठीवर हात टाकून तो शेडभर चालला. प्रथमेश सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, मला भूत सापडलं. नंतर त्यांनी मुंबईचे दोन नट आणून तीच चाल करून घ्यायचा प्रयत्न केला. दोघंही हात वर करून पोलिसांना शरण आल्यासारखे दिसत होते.

रेकॉर्डिंगनंतर वाडा निघाला आणि आठव्या दिवशी विट्याच्या पुढे, भर रस्त्यात, धुळा पडला. तो कळपाच्या पुढे होता. मागून घोडं घेऊन सुलाबाई येत होती, समीक्षाची आई. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी छातीत दुखलं होतं का?" सुलाबाई काहीच बोलली नाही. समीक्षाने ठामपणे सांगितलं, "नाही. कधीच नाही."

आणि आता चैत्रात सगळं अडलं होतं ते फिल्ममधलं भूत चालता चालता अडखळून पडतं त्या प्रसंगापाशी. समीक्षाने भुताचं पडणं तीनदा हाताने बनवून पाठवलं होतं आणि तीनदा परत आलं होतं. त्या दिवशी सकाळी प्रथमेश सरांचा फोन आला.

"समीक्षा, चाल माणसाची आहे आणि पडणं बाहुलीचं. मला त्याच माणसाचं अडखळणं हवंय. रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी असेलच की. चार वाजता मी एडिटला बसतोय. म्हणजे, तुला त्रास होणार असेल तर..."

असं म्हणणाऱ्या माणसांचं वाक्य नेहमी तिथेच संपतं. समीक्षाने बघते म्हणून सांगितलं.

रेकॉर्डिंगच्या एकूण सात फाइली होत्या. सहा तिने उघडल्या होत्या. सातवी एकेचाळीस मिनिटांची होती, आणि तिला तिने हात लावला नव्हता, कारण ती एवढी लांब का झाली हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी शेवटच्या वेळी ती म्हणाली होती, "आबा, आता मी सांगंपतुर चालत ऱ्हावा." एवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याचं दुसरं काम होतं, मोठं होतं. दिग्विजय जेवायला बाहेर गेला होता. ती बोलत बोलत बाहेर लिंबाच्या सावलीत गेली आणि बापाला विसरली. दुसरा कुणी असता तर पाच मिनिटांत थांबला असता, दारात येऊन विचारून गेला असता. धुळा कसा थांबेल? कळपाच्या पुढच्या माणसाने मागून हाक आल्याशिवाय थांबायचं नसतं. तो थांबला की मेंढरं अंगावर येतात, कळप फुटतो, रस्त्यावर गाड्या असतात. लहानपणापासून तो तसाच चालत आला होता. तो एकेचाळीस मिनिटं चालला. समीक्षाला याची लाज होती, आणि ती लाज तिने पाच महिने त्या फाइलीत बंद करून ठेवली होती.

तिने फाइल उघडली. पहिली वीस मिनिटं काही नव्हतं, नुसता चालणारा बाप. चोविसाव्या मिनिटाला पावलं आखूड झाली. सव्विसाव्या मिनिटाला त्याचा डावा हात नसलेल्या काठीवरून निसटून छातीवर आला. उजवा तसाच काठीवर. दोन पावलं आडवी पडली, गुडघा दुमडला, आणि तो उकिडवा बसला. मान खाली. तसाच दोन मिनिटं बसून राहिला. मग मान वर करून दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग तो उठला, डावा हात पुन्हा काठीवर टाकला, आणि आणखी तेरा मिनिटं चालला.

डॉक्टरांना दिलेलं उत्तर समीक्षाला जसंच्या तसं ऐकू आलं. आठ दिवस. आठ दिवस हातात होते, मिरजेचे दवाखाने इथून हाकेच्या अंतरावर होते, आणि हे सगळं या खोलीत, तिच्याच मशीनवर नोंदलं जात होतं. ती बाहेर सावलीत उभी राहून फोनवर हसत होती.

"आयला!" मागून दिग्विजय ओरडला. तो कधी येऊन उभा राहिला ते तिला कळलं नव्हतं. "हे कुठं होतं इतके दिवस? सोनं हाय हे, समे! छातीवर हात काय, आडवं पाऊल काय! काकांनी ॲक्टिंग पण केली व्हय? पाठव लगेच."

"हे जाणार नाही."

"का?"

"नाही म्हणते ना."

दिग्विजयने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बरं. मग दुसरं काहीतरी दे. चार वाजेपर्यंत तो माणूस माझं डोकं खाणार."

समीक्षाने मग स्वतःच ते काळे कपडे चढवले आणि शेडच्या मधोमध जाऊन पडायला लागली. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, दहाव्यांदा. फरशीवर गुडघे सोलवटून निघाले. प्रत्येक वेळी दिग्विजय कॉम्प्युटरवर बघून नाही म्हणायचा.

"पडायच्या आधी तुझा हात पुढं येतोय गं. पडायचंय हे तुला आधीच माहीत हाय ना!"

ती बाविसाव्यांदा पडली आणि तशीच पडून राहिली. भिंतीवरच्या पडद्यावर सातवी फाइल चालूच होती, संपली की पुन्हा पहिल्यापासून.

अडीचच्या सुमाराला दारात रिक्षा थांबली. सुलाबाई मिरजेला मोतीबिंदू दाखवायला आली होती, तिथून लेकीकडे आली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला सगळं धुरकट दिसत होतं. पदराने डोळे पुसत ती उंबऱ्यात चाचपडली आणि तिथेच थांबली. समोर भिंतीवर मोठा पडदा होता.

"त्यो कोण हाय गं?"

"कुणी न्हाई, आई. फिल्ममधलं भूत हाय."

सुलाबाई बराच वेळ बघत राहिली. "भूत कशाला म्हणतीस गं आबाला?" ती म्हणाली.

तिला धड लेकीचं तोंड दिसत नव्हतं, आणि त्या आकाराला तर तोंडच नव्हतं. समीक्षा उठून उभी राहिली. दिग्विजयने खुर्ची पुढे केली, पण सुलाबाई बसली नाही.

"कुठं निघाल्यात त्ये?"

"साताऱ्यात, आई. म्हंजी खरंखुरं न्हवं. गेममधल्या."

"मला जवळनं बघू दे."

नाही म्हणायला समीक्षाकडे शंभर कारणं होती. डोळ्यांत थेंब घातलेत, चक्कर येईल, हेडसेट जड आहे. एकही तिच्या तोंडातून बाहेर पडलं नाही. तिने फाइल पहिल्यापासून लावली आणि आईच्या डोक्यावर हेडसेट बसवला. सुलाबाईने एकदा आजूबाजूला मान फिरवली, मग समोर. आणि चालायला लागली. शेडमध्ये तीन खांब होते. ती एखाद्यावर आदळेल म्हणून समीक्षाने तिचं कोपर धरलं.

"जवळ जा की, आई. अगदी शेजारी जाता येतंय."

"मी कवा त्यांच्या शेजारनं चाललेय? घोडं मागंच असतंय." आणि ती पंधरा-वीस पावलं मागेच राहिली.

मायलेकी शेडभर फेऱ्या घालू लागल्या. सुलाबाई मध्येच पुटपुटायची. "लय चाललायसा." मग, "ही गावं कशी वो, कुत्रंसुदिक न्हाई." बाहेर टळटळीत ऊन होतं, पत्रा तापून तडतडत होता, आणि तरी समीक्षाच्या अंगावर काटा आला. आईच्या आवाजात दुःख नव्हतं. ती साधं बोलत होती, जसं वाटेने जाताना नवऱ्याशी बोलत असेल तसं.

पडद्याच्या कोपऱ्यात मिनिटं पुढे सरकत होती. बावीस. तेवीस. समीक्षाला फक्त एक बटण दाबायचं होतं. मग आईला काही कळलं नसतं, कधीच कळलं नसतं. पण बटण टेबलावर होतं आणि आईचं कोपर हातात होतं. सोडलं तर समोर खांब. दिग्विजयला सांगता आलं असतं. तो पाच हातांवर उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मिटलं. तिला आता हे एकटीने बाळगायचं नव्हतं. खरं ते एवढंच.

सव्विसावं मिनिट आलं. सुलाबाई थबकली. तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"असंच," ती म्हणाली. "अक्षी असंच बसलं हुतं विट्याफुडं. मी घोडं सोडून पळाले, तवर उठलं. काटा मोडला म्हणालं. मग फुडं गेलं आन् पडलं." ती थांबली. "ह्ये कवाचं हाय?"

"हितं आलं हुतं त्या दिवशीचं."

"म्हंजी आठ दिस आदी."

"व्हय."

"मग डाक्टरला न्हाई का म्हणालीस?"

"मला ठावंच नव्हतं, आई! मी हितं नव्हते. चालत ऱ्हावा म्हणाले आन् फोन आला म्हणून भाईर गेले. आन् इसरले. एकेचाळीस मिनिटं इसरले मी त्यास्नी." समीक्षा रडायला लागली, आणि रडतानाही तिने आईचं कोपर सोडलं नाही.

सुलाबाई रागवली नाही, समजूतही काढली नाही. ती हळूच पुढे गेली, नवरा बसला होता तिथे उकिडवी बसली, आणि हवेत हात फिरवायला लागली. पाठ जिथे असायला हवी तिथे. टेबलावर दिग्विजयचा फोन वाजला. त्याने तो उचलला आणि दाराबाहेर जाता जाता त्याचं बोलणं ऐकू आलं, "नाही सर, तसं काही नाही रेकॉर्डिंगमध्ये. आम्ही पुन्हा हातानं बनवतो. नाही सर, नाहीच."

दोन मिनिटं झाली.

"आता उठू नगासा वो," सुलाबाई म्हणाली. "बसा की घटकाभर. मेंढरं बघत्यात पोरं."

धुळा उठला. डावा हात काठीवर टाकला आणि चालू लागला. सुलाबाईही गुडघ्यावर हात देऊन उठली आणि त्याच्यामागे निघाली. समीक्षा तिच्याबरोबर. तेरा मिनिटं तिघं चालली. समीक्षाचे सोलवटलेले गुडघे ठणकत होते.

एकेचाळिसाव्या मिनिटाला तो थांबला. दोन्ही हात खाली आले. त्याने दाराकडे तोंड केलं आणि उभा राहिला. रेकॉर्डिंग तिथेच संपत होतं, म्हणून तो उभाच राहिला.

"कुणाकडं बघत्यात?" सुलाबाईने विचारलं.

"माझ्याकडं. तवा मी दारात आले हुते."

"काय म्हणालं?"

"झालं का गं, म्हणालं."

"मग तू काय म्हणालीस?"

समीक्षाला खोटं बोलता आलं असतं. त्या खोट्याने कुणाचं काही बिघडलं नसतं.

"कायबी न्हाई. फोन कानालाच हुता. नुसता हात केला."

सुलाबाईच्या डोळ्यांवर हेडसेट तसाच, तोंड धुळाकडे. मग तिने आपलं कोपर लेकीच्या हातातून सोडवून घेतलं.

"मग सांग की आता. किती येळ हुबं करणार त्यास्नी?"

समीक्षा चालत दारापर्यंत गेली. त्या दिवशी उभी होती त्याच जागी उभी राहिली. आत रिकामी शेड होती, फरशीवर भोकं होती, आणि मधोमध आई एकटी उभी होती.

"झालं, आबा," ती कशीबशी म्हणाली. "बसा आता."

सुलाबाईने समोर बघत वाट पाहिली. मग लेकीच्या दिशेने मान न वळवता म्हणाली, "मोठ्यानं म्हण. कळपाच्या फुडं असलं की त्यास्नी ऐकू जात न्हाई."

समीक्षाने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि जीव खाऊन हाक मारली.